घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता: पहिल्या उचलीपासून बोजा उतरेपर्यंत

सोलापुरात घराचं काम निघण्याची कारणं फार वेगळी नसतात. एप्रिल-मे महिन्यात स्लॅब इतका तापतो की मध्यरात्रीही वरच्या खोलीत झोपवत नाही, मग कोबा आणि वॉटरप्रूफिंग करायचं ठरतं. नळाला रोज पाणी येत नाही हा अनुभव वर्षानुवर्षांचा, म्हणून मोठा हौद बांधायचा असतो. पेठेतल्या जुन्या घराचं माळवद (मातीचं सपाट छत) पावसात गळायला लागलं की ते उतरवून स्लॅब टाकावा लागतो. आमच्याकडे हे शेवटचं कारण होतं. २०२१ च्या सुरुवातीला साडेचार लाखांचं कर्ज काढलं, पाच वर्षांच्या मुदतीचं, आणि चौपन्न महिन्यांत फेडून मोकळे झालो.

कर्ज मंजूर करून घेण्यासाठी मदत करणारे पुष्कळ भेटतात. हप्ते सुरू झाल्यावर मात्र आपण एकटे असतो. मी त्या चौपन्न महिन्यांत काही चुका केल्या, काही गोष्टी वेळेवर कळल्या म्हणून पैसे वाचले. नंतर गल्लीतल्या पाच-सहा घरांचे कर्जाचे कागद बघितले, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची अडचण एकच आहे: खात्यातून रक्कम कापली गेली की हप्ता भरला असं आपण धरून चालतो. ती रक्कम मुद्दलात गेली, व्याजात गेली, की कुठल्या शुल्कात, हे कोणी बघत नाही. पुढचं सगळं त्या बघण्याबद्दल आहे.

सही करण्याआधी एक कागद मागा

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी वैयक्तिक मुदत कर्जाच्या ग्राहकाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात व्याजदर, प्रोसेसिंग फी, विमा, इतर शुल्कं आणि हे सगळं धरून येणारा वार्षिक खर्चाचा दर एका ठिकाणी असतो. दोन बँकांची तुलना करायची असेल तर जाहिरातीतल्या व्याजदराची नको, या वार्षिक दराची करा. कर्जासोबत विमा पॉलिसी जोडली असेल तर तिचा हप्ता बहुतेक वेळा कर्जाच्या रकमेतच मिळवलेला असतो आणि त्यावरही तुम्ही व्याज भरता. विमा हवा असेल तर जरूर घ्या, पण तो नको म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

दुसरा प्रश्न: व्याज घटत्या शिलकीवर (राहिलेल्या मुद्दलावर) आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर? पाच लाख रुपये, १० टक्के, पाच वर्षं. घटत्या शिलकीवर हप्ता १०,६२४ रुपये येतो आणि एकूण व्याज साधारण १,३७,४०० रुपये. तेच ‘फ्लॅट १० टक्के’ असेल तर व्याज सरळ अडीच लाख आणि हप्ता १२,५०० रुपये. घटत्या शिलकीच्या हिशोबाने तो दर १७ टक्क्यांच्या वर जातो. आकडा दोन्हीकडे दहाच, पण फरक लाखाच्या वरचा. हप्ता कमी दिसतो म्हणून मुदत वाढवून घेताना हेही बघा: पाच लाख दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता ६,६०८ वर येतो, पण व्याज २,९२,९०० च्या आसपास जातं. दुरुस्तीच्या कामासाठी दहा वर्षं मला पटत नाहीत. वॉटरप्रूफिंग सात-आठ वर्षांत पुन्हा करायची वेळ आली तर जुन्या कामाचे हप्ते चालू असताना नव्या कामाला पैसे आणायचे कुठून?

पतसंस्थेतून कर्ज घेत असाल तर एक लक्षात ठेवा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्या सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालतात. या लेखातले रिझर्व्ह बँकेचे नियम तिथे लागू नाहीत, म्हणून तिथला प्रत्येक शब्द करारात वाचून घ्या.

काम चालू असतानाचं व्याज

मोठं काम असेल तर बँक सगळी रक्कम एकदम देत नाही. सेंट्रिंग झालं, स्लॅब पडला, गिलावा झाला, असे टप्पे बघून पैसे सोडते. या काळात जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरचं व्याज दरमहा भरावं लागतं. पाच लाखांपैकी दोन लाख उचलले असतील तर १० टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,६६७ रुपये. हे भरताना मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. खरा हप्ता शेवटची उचल झाल्यावर सुरू होतो.

म्हणून मिस्त्रीच्या वेळापत्रकाशी उचल जुळवा. आम्ही दुसरी उचल घाईने घेतली आणि सेंट्रिंगची माणसं गावाला गेल्यामुळे तीन आठवडे काम बंद. पैसे बचत खात्यात पडून आणि त्यावर कर्जाचं व्याज चालू. मिस्त्रीला द्यायची रक्कम, सिमेंट-स्टीलचं बिल आणि मजुरी यांचा हिशोब आठवडाभर आधी मांडा आणि तेवढीच उचल मागा. बिलं सांभाळून ठेवा. पुढचा टप्पा सोडताना बँक ती मागते आणि प्राप्तिकरासाठीही ती लागतात.

तारीख आणि खातं

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवा म्हणेन, कारण बहुतेक हप्ते पैसे नसल्यामुळे चुकत नाहीत. पैसे असतात, पण त्या दिवशी त्या खात्यात नसतात.

हप्त्याची तारीख ठरवताना बँक दोन-तीन पर्याय देते, बहुतेक वेळा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातले. घरात पैसा कधी येतो ते बघून निवडा. सरकारी किंवा कंपनीचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होत असेल तर ५ तारीख चांगली, पण पगार एखाद्या महिन्यात लांबतो हे धरून मी १० सुचवेन. कारखान्यात आठवड्याला पगार घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हातात महिन्याची रक्कम कधीच एकदम येत नाही. त्याने दर आठवड्याच्या पगारातून हप्त्याचा चौथा भाग त्याच दिवशी हप्त्याच्या खात्यात टाकायचा. पाचव्या आठवड्याच्या महिन्यात जो जास्तीचा भाग जमतो, तो काढायचा नाही. वर्षात असे चार-पाच आठवडे येतात आणि त्यातून एका हप्त्याएवढी रक्कम आपोआप शिल्लक राहते.

हप्त्यासाठी वेगळं बचत खातं असावं. घरखर्चाचं एटीएम कार्ड त्याला जोडू नका, यूपीआय जोडू नका. त्यात किमान दोन हप्त्यांची रक्कम कायम ठेवा. कर्जाची रक्कम हातात आली की पहिल्याच दिवशी हे दोन हप्ते बाजूला काढता आले तर उत्तम. खात्याला किमान शिलकीची अट असेल तर ती या रकमेच्या वर धरा, नाहीतर हप्ता जाईल आणि किमान शिलकीचा दंड लागेल.

आता हप्ता कापला कसा जातो ते. तुम्ही बँकेत जो मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापून घेण्याची परवानगी, सही करून देता (किंवा नेट बँकिंग, डेबिट कार्ड, आधारवरून ऑनलाइन देता) तो ‘नाच’ म्हणजे नॅशनल ऑटोमेटेड क्लिअरिंग हाऊसमधून चालतो. मॅन्डेटवर कमाल रक्कम आणि शेवटची तारीख लिहिलेली असते. ती कमाल रक्कम हप्त्यापेक्षा बरीच मोठी असणं नेहमीचं आहे, पण किती मोठी आहे ते वाचा आणि मॅन्डेटची प्रत ठेवा.

आणि माझी चूक. जानेवारी २०२३ मध्ये १५ तारखेला रविवार होता. गावात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, घरी पाहुणे. मी म्हटलं, रविवारी बँक बंद, सोमवारी पैसे टाकू. पण १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नाच’ आठवड्याचे सातही दिवस चालतं, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही. सकाळीच हप्ता मागितला गेला, खात्यात दीड हजार कमी होते, हप्ता परत गेला. कर्ज देणाऱ्या बँकेने परतीचं शुल्क लावलं, बचत खात्याच्या बँकेने वेगळं लावलं, दोन्हीवर जीएसटी. दीड हजारासाठी हजाराच्या घरात पैसे गेले. तेव्हापासून माझा नियम: हप्त्याची रक्कम तारखेच्या दोन दिवस आधी खात्यात.

हप्ता परत गेल्यावर घाबरून लगेच दुसऱ्या मार्गाने भरण्याआधी शाखेत विचारा की ते पुन्हा मॅन्डेट टाकणार आहेत का. कित्येक ठिकाणी तीन-चार दिवसांनी तोच हप्ता पुन्हा मागितला जातो. तुम्ही मध्येच यूपीआयने किंवा भारत बिल पेने भरला असेल तर दोनदा कापला जातो आणि जास्तीची रक्कम परत मिळवायला चकरा माराव्या लागतात. हीच काळजी तारखेआधी दोन-तीन दिवस हाताने हप्ता भरणाऱ्यांनीही घ्यावी, कारण मॅन्डेटची यादी आधीच पुढे गेलेली असते.

हप्त्याच्या पोटात काय असतं

वरचंच उदाहरण घेऊ. पाच लाख, १० टक्के, साठ हप्ते. पहिल्या १०,६२४ रुपयांत व्याज ४,१६७ आणि मुद्दल ६,४५७. दुसऱ्या महिन्यात व्याज ४,११३, मुद्दल ६,५११. असं करत वर्षभरात तुम्ही १,२७,४८० च्या आसपास भरता, त्यातले ८१,१०० मुद्दलात जातात आणि शिल्लक ४,१८,९०० वर येते.

हा तक्ता बँकेकडून पहिल्याच महिन्यात छापील घ्या. त्याच्या बाजूला दर तीन महिन्यांनी कर्ज खात्याचा उतारा ठेवा आणि फक्त तीन आकडे जुळवा: त्या तारखेची मुद्दल शिल्लक, त्या महिन्याचं व्याज, आणि ‘इतर शुल्क’ या रकान्यात काही आहे का. कमी-जास्त दहा-वीस रुपये दिवसांच्या मोजणीमुळे होतात. शेकड्यात फरक दिसला तर लेखी विचारा. मला एकदा असं शुल्क सापडलं की ज्याचा करारात उल्लेखच नव्हता. अर्ज दिल्यावर ते परत जमा झालं, पण विचारलं नसतं तर गेलं असतं.

हातात जास्तीचे पैसे आले तर

दिवाळीचा बोनस, भिशीचा नंबर, कुठलीशी ठेव मोडलेली. पाच लाखांच्या त्या कर्जात बारा हप्त्यांनंतर पन्नास हजार मुद्दलात भरले तर काय होतं? हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली तर राहिलेले अठ्ठेचाळीस हप्ते बेचाळिसावर येतात, त्यातलाही शेवटचा नावापुरता, आणि व्याजात साधारण साडेबावीस हजार वाचतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर हप्ता ९,३५५ होतो आणि वाचतात सुमारे १०,९००. उत्पन्न स्थिर असेल तर मुदत कमी करा. कामधंदा डळमळीत असेल, यंत्रमाग कधी चालू कधी बंद अशी स्थिती असेल, तर हप्ता कमी करून घेण्यात काही कमीपणा नाही. महिन्याला बाराशे रुपयांची सवड त्या घराला जास्त उपयोगाची.

इथे सगळ्यात मोठा घोळ होतो तो असा: लोक पैसे नुसते कर्ज खात्यात टाकतात. कित्येक ठिकाणी ती रक्कम ‘आगाऊ हप्ता’ म्हणून बाजूला पडून राहते, मुद्दल कमी होतच नाही. म्हणून शाखेत एक साधा अर्ज द्या. त्यात लिहा की ही रक्कम मुद्दलाची अंशतः परतफेड म्हणून जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी (किंवा उलट), आणि नवा तक्ता द्यावा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. आठवड्याने उताऱ्यात मुद्दल खरंच उतरलं का ते बघा.

यासाठी शुल्क? व्यवसायासाठी नसलेल्या, बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने हा नियम बँका आणि फायनान्स कंपन्या सगळ्यांना एकसारखा केला आहे. स्थिर दराच्या कर्जावर करारात असेल तर शुल्क लागू शकतं.

दोन हप्त्यांची शिल्लक मोडून मात्र मुद्दल भरू नका. आधी ती शिल्लक, मग मुद्दल.

व्याजदर हलला की

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता तेवढाच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो. उतारा बघितल्यावर कळलं की मुदत गुपचूप वाढली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल स्पष्ट सांगितलं: दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला दिली पाहिजे. मी शाखेत जाऊन हप्ता वाढवून घेतला, मुदत जुनीच ठेवली. २०२५ मध्ये रेपो उतरला तेव्हा याच्या उलट तपासायला हवं होतं: आपला दर उतरला का? रेपोशी जोडलेल्या कर्जात तो निदान तीन महिन्यांतून एकदा बदलला जातो. सहकारी बँकेचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेलच असं नाही, तिथे स्वतः अर्ज करून विचारावं लागतं.

हप्ता मॅन्डेटच्या कमाल रकमेपेक्षा वर गेला तर नवा मॅन्डेट द्यावा लागतो, हे विसरू नका.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

तारखेच्या आधी शाखेत जा. तारखेनंतर गेलेला माणूस थकबाकीदार असतो, आधी गेलेला अडचणीतला ग्राहक असतो, आणि समोरच्याचं बोलणं त्याप्रमाणे बदलतं. कारण लेखी द्या: आजारपण, कारखाना बंद, पगार अडकला. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल का, तारीख बदलता येईल का, काही महिने फक्त व्याज भरू का, असं नेमकं मागा. हप्ता भरण्यासाठी मोबाइल ॲपचं झटपट कर्ज घेऊ नका. आमच्या गल्लीतल्या एका घरात असं तीनदा झालं आणि मूळ कर्जापेक्षा त्या छोट्या कर्जांनी त्यांना जास्त छळलं. घरात मुदत ठेव असेल तर तिच्यावर तात्पुरती उचल घेणं परवडतं.

थकलेल्या हप्त्यावरचा दंड आता ‘दंडाचं शुल्क’ म्हणूनच लावता येतो. तो व्याजदरात मिळवता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्यांना त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत लागू झालं. उताऱ्यात ‘दंडव्याज’ असा शब्द दिसला तर तिथेच बोट ठेवा. नव्वद दिवसांहून जास्त थकलं की खातं अनुत्पादित, म्हणजे थकीत कर्ज (एनपीए), ठरतं. घर तारण असेल तर पुढे साठ दिवसांची नोटीस आणि जप्तीची वाट सुरू होते. ‘नाच’चा हप्ता पैशाअभावी परत जाणं हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक न वटण्यासारखा गुन्हाही ठरू शकतो, म्हणून आलेली नोटीस न उघडता कपाटात टाकू नका.

वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. घरी आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा. त्याच्या हातात रोख देऊ नका, द्यायचीच वेळ आली तर छापील पावतीशिवाय नाही.

जामीनदाराबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. सहकारी बँकेत आपण दोन जामीनदार देतो, ते बहुतेक वेळा सोबत काम करणारे किंवा सोयरे असतात. तुमचा हप्ता थकला की त्यांच्याही क्रेडिट अहवालात (कर्जफेडीच्या नोंदीत) त्याची खूण उमटते, आणि त्यांना मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं असतं तेव्हा ते कळतं. हप्ता चुकणार असेल तर त्यांना बँकेच्या आधी तुमच्याकडून कळू द्या. जानेवारी २०२५ पासून ही माहिती निदान पंधरा दिवसांतून एकदा अद्ययावत होते, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात भरून टाकू, कोणाला कळतंय’ ही सोय उरलेली नाही.

बँकच अडचणीत आली तर? सोलापूरच्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे अनेकांना पडतो. बँक बंद पडली तरी कर्ज माफ होत नाही, ते अवसायक (बँकेचा कारभार गुंडाळायला नेमलेला अधिकारी) वसूल करतो. अशा वेळी हप्ता थांबवू नका, कुठे भरायचा ते लेखी विचारा आणि प्रत्येक पावती जपा.

तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

प्राप्तिकर

जुनी करपद्धत निवडली असेल तर स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्ती-नूतनीकरणाच्या कर्जावरचं व्याज वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजा करता येतं. हे तीस हजार गृहकर्जाच्या दोन लाखांच्या मर्यादेतच मोजले जातात. दुरुस्तीच्या कर्जाच्या मुद्दलावर सवलत नाही. नव्या पद्धतीत राहत्या घराला यातलं काही मिळत नाही. एप्रिलमध्ये बँकेकडून व्याजाचा दाखला घ्यायचा, एवढंच काम.

शेवटचा हप्ता भरल्यावर

इथे लोक पेढे वाटतात आणि थांबतात. आम्हीही वाटले, पण त्यानंतरची कामं दीड महिना चालली.

शेवटची रक्कम भरण्याआधी त्या तारखेचं लेखी देयक मागा. अंदाजाने भरलं तर चाळीस-पन्नास रुपये शिल्लक राहतात आणि खातं उघडंच राहतं. रक्कम भरली की बेबाकी दाखला घ्या. त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक आणि ‘काही येणे नाही’ हे स्पष्ट हवं. घराचे मूळ कागद तारण असतील तर पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत ते परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे, आणि उशीर बँकेच्या चुकीने झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद घेताना जमा करतेवेळच्या यादीशी एकेक पान ताडून बघा.

मग बोजा. तारण नोंदवलं असेल तर सात-बारावर किंवा शहरात मालमत्ता पत्रकावर बँकेचं नाव चढलेलं असतं, ते आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि बेबाकी दाखला घेऊन नगर भूमापन कार्यालयात (शेतजमिनीच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे) अर्ज द्यावा लागतो. भावाभावांत वाटणी करताना किंवा घर विकताना पंधरा वर्षांपूर्वीचा बोजा निघतो आणि ती बँक तोवर दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते, असं मी पाहिलं आहे.

मॅन्डेट तुमच्या बचत खात्याच्या बँकेतून रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा. महिनाभराने नवा उतारा काढून बोजा उतरला का ते बघा. वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट अहवालही तेव्हाच मागवा. त्यात हे कर्ज ‘बंद’ असं दिसायला हवं, आणि जामीनदारांच्या अहवालातही. आमच्या एका जामीनदाराच्या अहवालात ते दोन महिने चालूच दिसत होतं. बेबाकी दाखल्याची प्रत जोडून अर्ज केला, तेव्हा दुरुस्त झालं.